आरीकामाला बसताय? आधी टेप काढा

आरीकाम म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या कापडावर आकडीच्या सुईने, म्हणजे आरीने, केलेलं भरतकाम. फ्रेमवर नेहमीसारख्या बसा आणि डोळ्यापासून सुई टोचते तिथपर्यंतचं अंतर घरातल्या कुणाकडून तरी मोजून घ्या. स्वतः मोजू नका, टेप धरायच्या नादात आपण वाकतो. माझं अंतर 22 इंच भरलं आणि वर्षभराच्या मानदुखीचं कारण हाती लागलं.

चाळिशी लागली तेव्हा दुकानात नंबर काढताना हातात वाचायचं कार्ड दिलं होतं. मी ते 16 इंचांवर धरलं, चष्मा त्याच अंतराचा मिळाला. पेपर वाचायला उत्तम. पण फ्रेमवरचा कटदाणा (बारीक काचेचा मणी) स्पष्ट दिसायला सहा इंच खाली वाकावं लागायचं, आणि मी वाकत राहिले. माणसाचं डोकं चार-पाच किलोंचं, ते तासन्‌तास पुढे झुकलेलं. ऐन लग्नसराईत रात्री उशीवर मान टेकवत नव्हती. बाम चोळला, शेक घेतला, चष्म्याचा संशय मात्र आला नाही.

म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मोजलेलं अंतर लिहून न्या आणि कामाचा चष्मा वेगळा करून घ्या. माझा कामाचा नंबर वाचायच्या नंबरापेक्षा कमी निघाला. बायफोकल या कामाला नको. त्यात जवळचं दिसणारा भाग खाली इवलासा असतो, हनुवटी सारखी वरखाली करावी लागते.

फ्रेमची उंची सोपी आहे. खांदे सैल सोडले की कोपर येतं तिथे, किंवा चार बोटं वर. मी जमिनीवर बसते, म्हणून फ्रेमच्या पायांखाली विटा लावल्यात आणि कमरेमागे लोड.

उजेडाचं मात्र मनावर घ्या. नारायण पेठेतल्या माझ्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे, थेट ऊन येत नाही, उजेड दिवसभर सारखा. काळ्या कापडावर काळा धागा मी तिथेच आणि दिवसाच भरते. रात्री दिवा डावीकडे ठेवते, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडत नाही (डावखुऱ्या असाल तर उलट). बल्ब डोळ्यांना दिसता कामा नये आणि जरीचा धागा चमकून डोळे दिपले तर दिवा थोडा सरकवा. खोलीतली ट्यूबही चालू हवी, नाहीतर मान वर केली की समोर अंधार.

दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडे 20 सेकंद बघावं, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण हात चालू असताना घड्याळ कोण बघतं? मी वाटीत मणीच तेवढे घेते, वीसेक मिनिटांत संपतील इतके. बरणी मुद्दाम खिडकीजवळच्या फडताळात. मणी आणायला उठलं की समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बघायची, पाच-सहा वेळा पापण्या पूर्ण मिटायच्या. नजर रोखून काम करताना पापणी लवायची कमी होते, डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच. पंख्याचा झोतही तोंडावर घेऊ नका.

आरीची दांडी बारीक असेल तर कापडाची पट्टी गुंडाळून जाड करा, चिमूट कमी आवळावी लागते. रात्री अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, तर ऑर्डर संपायची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

काळ्या ब्लाऊजला मी आता तीन दिवस जास्त मागते. गिऱ्हाइकाला कारण सांगितलं की पटतं.