जवळची ठिकाणं पाहायला जाताना या चुका टाळा

2020 मध्ये जिल्हाबंदी आली, ई-पासशिवाय हद्द ओलांडता येईना, तेव्हा पुणेकरांना आपल्याच जिल्ह्याची आठवण झाली. पाडव्याला, 16 नोव्हेंबरला देवळं उघडली आणि भुलेश्वर, लोणी भापकर, पांडेश्वर अशा ठिकाणी रविवारी गाड्या लागू लागल्या. लोक आले याचा मला आनंदच झाला. पण तेव्हा सुरू झालेल्या काही चुका अजून थांबलेल्या नाहीत, आणि त्या आता पाहवत नाहीत.

वीरगळ घासणं, त्यावर खडू फिरवणं

ही सगळ्यात वाईट. पुरंदर तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या पाराशेजारी वीरगळ, म्हणजे लढून पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड, ओळीने मांडलेले आहेत. मी पोचलो तेव्हा शहरातून आलेली पोरं त्यातला एक तारेच्या ब्रशने घासत होती. एकाच्या हातात रांगोळीची पुडी. कडेला उभी असलेली आजी कळवळून म्हणत होती, "अवं पोरांनो, देव हाय त्यो, घासताय काय?"

मी ब्रश काढून घेतला. पोरं म्हणाली, "काका, फोटोत काही दिसतच नाही हो." मग मोबाइलचा टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरायला सांगितला. समोरून मारलेला उजेड कोरीवकाम सपाट करतो. बाजूने आला की प्रत्येक उठावाची सावली पडते. खालच्या चौकटीतल्या गाई दिसल्या, त्यांच्यासाठी लढून पडलेला वीर दिसला. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाला मरण, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर कलश. त्यातलाच एक मुलगा नंतर बराच वेळ टॉर्च धरून प्रत्येक दगडापाशी बसला. पण अप्सरांचे चेहरे तोवर ब्रशखाली गेले होते, ते आता परत येणार नाहीत.

दगडफूल असलं तरी राहू द्या. शिलालेखाच्या अक्षरांत खडू किंवा रांगोळी भरू नका. तुम्ही चुकीची रेघ ओढलीत की पुढचा माणूस चुकीचंच अक्षर वाचतो. तेल-शेंदूरही नको. रस्त्याकडेचे असे दगड बहुधा कुठल्याच संरक्षित यादीत नसतात, त्यांना गावाशिवाय वाली नाही. माझ्या पिशवीत एक छोटा टॉर्च कायम असतो, बाकी काही लागत नाही. आणि शक्यतो सकाळी किंवा उन्हं कलल्यावर जावं. दुपारी बाराच्या उन्हात उत्तम शिल्पसुद्धा मुकं होतं.

"जवळच तर आहे, त्याचा काय अभ्यास करायचा?"

हंपीला जाताना लोक महिनाभर वाचतात. सोमवार पेठेत जाताना काहीच नाही. तिथलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ 1754 ते 1770 या काळात उभं राहिलं. दर्शनी भिंतीवर साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि त्याच्याभोवती इंग्रज शिपाई कोरलेत. गाभाऱ्यात संस्कृत लेखांबरोबर एक फारसी लेख आहे. मूर्ती तीन सोंडांची, मोरावर बसलेली. लोक नमस्कार करून पाच मिनिटांत बाहेर पडतात, गेंड्याकडे मान वळवून बघतही नाहीत.

भुलेश्वरचंही तेच. आतल्या अंधाऱ्या भागात स्त्रीरूपातला गणेश आहे, वैनायकी म्हणतात तिला. आधी माहीत नसेल तर तुम्ही तिच्यासमोरून निघून जाल. भोवतीच्या दौलतमंगळ किल्ल्याचा तट पार करून आपण आत आलो, हेही अनेकांच्या गावी नसतं.

मी आदल्या संध्याकाळी त्या एकाच जागेबद्दल वाचतो. 1885 चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, इंटरनेटवर फुकट मिळतं. काही माहिती जुनी झाली आहे, तरी सुरुवातीला पुरेशी आहे. आणि एका दिवसात एकच ठिकाण. "एका रविवारात सात मंदिरं" हा प्रकार मला मान्य नाही. त्यात फक्त पार्किंग पाहून होतं.

बाकीच्या चुका थोडक्यात

नकाशावरच्या खुणेवर विसंबून शेतात गाडी घालू नका. फाट्यावरच्या चहावाल्याला विचारा, देवळाची किल्ली कोणाकडे असते तेही तोच सांगेल.

जुन्नरच्या लेण्यांत आग्यामोहोळ असतात. अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिथे जिवावर बेततो. मोहोळ दिसलं की मागे फिरा, लेणं पुढच्या खेपेला.

सासवड-सुपे भागातल्या माळरानावर गाडी उतरवू नका. ती पडीक जमीन नाही. टिटवी तिथे उघड्यावर अंडी घालते, आणि ती खड्यांसारखीच दिसतात. गाडी रस्त्यावर ठेवा आणि पायवाटेने चाला.