डेस्कटॉपवर स्वतःचा फोटो लावला आणि डोकी कापली गेली

रायगडावर मोबाइलने काढलेला घरच्यांचा फोटो लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर लावायचा होता. विंडोज ११ मध्ये हे काम सोपं आहे: फोटोवर राइट क्लिक, मग 'सेट ॲज डेस्कटॉप बॅकग्राउंड'. फोटो लागला, पण बाबांचा फेटा गायब आणि खाली सगळ्यांचे पाय गायब.

कारण साधं गणिताचं निघालं. मोबाइलचा फोटो ४:३ मापाचा, स्क्रीन १६:९ ची. 'फिल' हा पर्याय रुंदी पूर्ण भरतो आणि वर-खाली मिळून फोटोचा पाव भाग कापतो. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'पर्सनलाइज', मग 'बॅकग्राउंड' उघडलं की 'चूज अ फिट' दिसतं. 'फिट' निवडल्यावर फोटो अख्खा आला, पण दोन्ही बाजूंना रिकाम्या पट्ट्या. 'स्ट्रेच'ने तर सगळी मंडळी एकदम जाडजूड झाली! तो पर्याय माणसांच्या फोटोला लावूच नये.

शेवटी फोटोज ॲपमध्ये 'एडिट', 'क्रॉप' करून प्रमाण १६:९ ठेवलं आणि काय कापायचं ते स्वतः ठरवलं. पायऱ्या आणि पाय गेले, फेटा राहिला. माणसं मुद्दाम उजवीकडे येतील अशी चौकट धरली, कारण आयकॉन डावीकडे असतात आणि आईच्या तोंडावर रीसायकल बिन बरा दिसत नाही. कापलेली प्रत 'सेव्ह ॲज कॉपी'ने वेगळी ठेवली.

चॅटवरून आलेला फोटो मोठ्या स्क्रीनवर धूसर दिसतो. मूळ फाइल केबलने घ्या, नाहीतर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.