कडी लागल्यावर भाषा का बदलते? जवळिकीचे प्रसंग लिहिताना या चुका टाळा

कथेत दोघं खोलीत शिरली, कडी लागली, की लेखक बदलतो. तोवर सगळं नीट चाललेलं असतं. बेळगावच्या गणपत गल्लीत भाजी घेताना, स्टँडवर खानापूर गाडीची वाट बघताना पात्रं आपल्यासारखीच बोलत असतात. कडी लागली रे लागली की ओठांचे 'अधर' होतात, अंगाची 'तनू' होते, आणि आत्ताच लाईट बिलावरून भांडलेला नवरा बायकोला 'प्रिये' म्हणतो.

मी एका छोट्या दिवाळी अंकासाठी कथा निवडतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, पलीकडून चंदगड, अशा सगळीकडून कथा येतात. चांगली चाललेली कथा नेमकी या एका प्रसंगात झोपते, आणि ती परत पाठवताना चिठ्ठीत काय लिहावं ते मला सुचत नाही. म्हणून एकदाच सगळं सांगून टाकतो.

दिवसा 'आलो', रात्री 'आले'

आपल्याकडच्या बायका 'मी जाऊन आलो', 'मी दमलो' म्हणतात. पुण्याच्या माणसाला त्याची गंमत वाटते, आपल्याला त्यात काही वाटत नाही. आता कथेतली नायिका दिवसभर 'दमलो' म्हणते आणि रात्री नवऱ्याच्या कुशीत शिरून 'मी थकले रे' म्हणते. का? लेखकाला वाटतं, नाजूक प्रसंग आहे, भाषा जरा धुऊन घेऊ. पण माणूस सगळ्यांत कमी सजून बोलतो तो याच वेळी. इथं भाषा धुतली की माणूसही धुऊन जातो.

उलट हाच बदल मुद्दाम वापरला तर बघा काय होतं. एक मुलगी दोन वर्षं पुण्यात नोकरी करून परत आलीय. आल्यापासून 'आले, गेले, बसले' चाललंय. जुना मित्र भेटतो, दोघं टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाशी उभी आहेत, गेट पडलंय. तो विचारतो, 'कधी आलीस?' ती म्हणते, 'काल आलो.' आणि स्वतःच दचकते. स्पर्श नाही, काही नाही, गाडी जायची आहे अजून. पण जवळीक तिथं झाली, आणि ती आपल्या भाषेशिवाय दुसऱ्या कुठल्या भाषेत झालीच नसती.

कन्नडचंही तसंच. चिक्कोडीकडं किती घरांत नवरा एका भाषेचा, बायको दुसऱ्या भाषेची. ही माणसं भांडतात कुठल्या भाषेत आणि लाडात येतात कुठल्या भाषेत, हे लेखकाला आधी माहीत हवं. तिनं मराठीत 'नको' म्हटलं तर तो कदाचित हसेल. कन्नडमध्ये 'बेड', म्हणजे 'नको'च, म्हटलं की त्याचा हात मागं जातो, कारण लहानपणापासून आईनं दटावलं ते याच शब्दानं. 'नको'ला कोशात जे वजन आहे तेच या घरात असेल असं धरून चालू नका.

घरात बाकीचे कुठं आहेत?

माझ्याकडं येणाऱ्या कथांतली सगळ्यांत मोठी चूक ही. कथेत सासू आहे, दीर आहे, दोन पोरं आहेत, घर दोन खोल्यांचं आहे. प्रसंग सुरू झाला की सगळे हवेत विरतात. नाटकात दिवे घालवून बाकीच्यांना विंगेत पाठवावं तसं.

आपल्या घरांत एकांत मिळणं हीच अर्धी गोष्ट असते. एकांत कुठून आला, किती वेळ टिकणार, कुणाच्या मेहरबानीनं मिळाला, यातच ताण आहे. वडगाव-शहापूरकडची विणकरांची घरं आठवा. पुढच्या खोलीत माग, मागं पडदा, पडद्याआड संसार. मागाच्या खटखटाटात शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. म्हणजे तो आवाज हाच त्या घरातला आडोसा. मग तो काढून घेतला तर? असं लिहून बघता येईल:

'अकराच्या सुमारास करंट गेला. दोन्ही माग एकदम थांबले. शेजारचेही थांबले. गल्लीत इतकी शांतता झाली की पलीकडच्या घरात कुणी तांब्या खाली ठेवला तोही ऐकू आला. तिच्या पाठीवरचा त्याचा हात होता तिथंच राहिला. पडद्यापलीकडं सासू खोकली. मग तिला हसू आलं, आणि ते दाबायला तिनं तोंड त्याच्या खांद्यात खुपसलं. खांद्याला सुताच्या खळीचा वास होता. "करंट येऊ दे," तो म्हणाला. "येऊ दे," ती म्हणाली, आणि हललीच नाही.'

यात शरीर किती आहे? एक हात, एक पाठ, एक खांदा. कुणी काही काढलेलं नाही. तरी वाचणाऱ्याला ऊब लागते, कारण त्याचं लक्ष आता करंट कधी येतो याकडं आहे. सासूचं खोकणं काढून बघा, प्रसंग जागेवर मरतो.

यावर एका होतकरू लेखकानं मला विचारलं होतं, 'पण मग पुढचं कधी लिहायचं?' पुढचं लिहायला हरकत काहीच नाही. ते वाचकाला आधीच दिसलं असेल तर पुन्हा कशाला, एवढंच.

पाऊस, वीज आणि दोन फुलं

ऐन वेळी वीज कडाडते, समई मालवते, खिडकीबाहेर दोन फुलं एकमेकांवर डोलतात. जुन्या सिनेमांना सेन्सॉरची अडचण होती, तुम्हाला नाही. आणि पाऊस आणायचाच तर आपला आणा. आपल्याकडं तो जूनमध्ये लागला की गणपतीपर्यंत हलायचं नाव घेत नाही. कपडे वाळत नाहीत, गादी सर्द, चादरीला कुबट वास. त्या चादरीत दोन माणसं एकमेकांना ऊब देतायत असं लिहा की. कुबट वास गाळला तर तो पाऊस कुठलाही.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे हातापायांचा हिशेब. डावा हात इथं, उजवा तिथं, मग आणखी एक हात केसांत. एका कथेत मी मोजले, नायकाला तीन हात झाले होते. हालचाली कमी लिहा. लिहाल त्या अंगावर करून बघण्याजोग्या असू देत.

बाईचं वर्णन, पुरुषाची फक्त सही

तिच्या मानेपासून टाचेपर्यंत यादी, आणि तो मात्र नुसता 'तो'. त्याला पोट नाही, घाम नाही, लाज नाही. असं पान वाचताना कळतं की खोलीत तिसरा कुणीतरी उभा राहून बघतोय, आणि तो लेखकच आहे. हे टाळायला सोपा उपाय: प्रसंग नक्की कुणाच्या अंगातून चाललाय ते ठरवा आणि त्याला किंवा तिला जाणवेल तेवढंच लिहा. निपाणीच्या तंबाखू वखारीत काम करणारी बाई असेल, तर तिच्या मनात स्वतःच्या कमरेचा बाक नसणार. तंबाखूचा खाट केसांतून गेला की नाही, ही तिची काळजी. दोनदा न्हाली तरी जात नाही. आणि तो म्हणतो, 'कसला वास? मला न्हाई येत.' तोही वखारीतलाच. या एका वाक्यात जेवढं प्रेम आहे तेवढं दोन पानं कमनीय बांधा लिहून येत नाही.

'नाही'ला लटकं म्हणू नका

'ती लटकेच नको म्हणाली' हे वाक्य दिसलं की मी पेन्सिल उचलतो. ती ओढली जातेय, हात सोडवून घेतेय, आणि लेखक त्याला शृंगार म्हणतोय. जबरदस्तीची गोष्ट लिहायची असेल तर जबरदस्ती म्हणूनच लिहा. तीही लिहायलाच हवी. पण गोड संगीत लावून नको. होकार लिहिला की रंग जातो, हा गैरसमज आहे. 'कडी लाव' असं तिनं म्हणणं, हा होकारच आहे, आणि त्यात रंगही आहे.

पात्र अठराच्या आतलं असेल तर असा प्रसंग लिहायचाच नाही. यावर चर्चा नाही.

आई वाचेल, गाव वाचेल

ही चूक कागदावर दिसत नाही, पण बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच येतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा. हिवाळ्यात आपल्याकडं गावोगावी साहित्य संमेलनं भरतात, सकाळी ग्रंथदिंडी, मग कथाकथन. मांडवात पुढं शाळेचे मास्तर, मागं भावकी. तिथं वाचायची कथा आणि अंकात छापायची कथा वेगळी असू शकते, त्यात कमीपणा नाही. पण लिहितानाच मांडव डोळ्यांपुढं आला की लेखक 'अधर' शोधायला लागतो. लिहिणारी बाई असली तर आणखी एक प्रश्न ठरलेला: 'हे तुझंच काय गं?' त्याला उत्तर देत बसू नये.

कायद्याची भीती कुणी घातली, तर एक माहीत असू द्या. १९६२ च्या एका दिवाळी अंकातल्या मराठी कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये लेखक सुटला. समाजाची मापं बदलत असतात, हेही न्यायालयानं तेव्हा नोंदवलं. त्याच्या कितीतरी आधी, १९२७ पासून, र. धों. कर्वे कामजीवनावर मासिक चालवत होते आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. अश्लील मजकुराविरुद्धचं कलम आजही आहे. पूर्वी दंड संहितेत २९२ होतं, जुलै २०२४ पासून न्याय संहितेत २९४ आहे. पण कथेला ज्याची गरज आहे ते लिहिणं आणि चाळवण्यासाठी लिहिणं, यातला फरक लिहिणाऱ्याला कोर्टाआधी कळलेला असतो.

दुसऱ्या दिवशी काय?

रात्री एवढं सगळं झालं आणि सकाळी दोघं काल जशी होती तशीच, तर तो प्रसंग कशाला होता? तो काढून कथा वाचून बघा. काही अडलं नाही तर काढलेलाच ठेवा. अडलं, तर नेमकं काय अडलं ते सकाळच्या चहात दिसायला हवं: काल 'अहो' होती, आज 'ऐकलं काय' झालीय, किंवा उलट, काल कपातून बशीत ओतून देत होती, आज कप नुसता पुढं सरकवलाय.

शेवटचं काम म्हणजे लिहिलेला प्रसंग मोठ्यानं वाचणं. जिथं जीभ अडखळेल तिथला शब्द खोटा आहे. अर्थात हे घरात कुणी नसताना करायचं. तशी वेळ आपल्या घरात कधी मिळते ते शोधायला लागा, म्हणजे तुमच्या पात्रांची अडचण आपोआप कळेल.