चिनी औषधी वनस्पती घेताना या चुका टाळा

‘झाडपाल्याचंच तर आहे, अपाय काय होणार?’ असं म्हणत औषध घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. १९९०च्या सुमारास ब्रुसेल्समधल्या एका क्लिनिकमध्ये वजन उतरवायला आलेल्या बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या जात होत्या. द्यायचं होतं हान फांग-ची, गोळीत गेलं ग्वांग फांग-ची. नावं सारखी, पण झाडं पार वेगळ्या कुळांतली. दुसरं आपल्याकडच्या सापसंदाच्या जातकुळीतलं. त्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने सुमारे शंभर जणींच्या किडन्या खराब झाल्या. पुढे त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. म्हणून पुडीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, बनवणाऱ्याचं नाव आणि बॅच नंबर नसेल तर ती घेऊच नका, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो.

दुसरी चूक काढ्याच्या भांड्याजवळ होते. फू-त्झ म्हणजे बचनागाच्याच वर्गातलं मूळ. आपले वैद्य बचनाग शोधन केल्याशिवाय देत नाहीत, तसंच चिनी वैद्यही प्रक्रिया केलेलंच फू-त्झ वापरतात आणि बाकीच्या औषधांच्या आधी ते एकटंच बराच वेळ उकळायला सांगतात. उकळल्यानेच त्यातलं विष मोडतं. घाईत सगळं एकदम भांड्यात टाकू नका, आणि ही मुळं दारूत भिजवून तर अजिबात पिऊ नका. माणसं दगावली आहेत. ओठ-जीभ बधिर झाली, मुंग्या आल्या, छातीत धडधडलं, तर थांबून बघण्यात वेळ घालवू नका. पुडी बरोबर घ्या आणि थेट हॉस्पिटल गाठा.

काढ्यासाठी भांडं मातीचं किंवा स्टीलचं घ्या, लोखंडाचं नको.

डॉक्टरांपासून लपवणं ही तिसरी चूक. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असताना दान-शेन हे चिनी मूळ घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. चिनी काढ्यांत ज्येष्ठमध जागोजागी असतो; तो बरेच दिवस पोटात गेला की पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. गरोदरपणात होंग-हुआ, म्हणजे करडईची फुलं, वर्ज्य. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगा.

चार दिवसांत गुडघेदुखी गायब करणाऱ्या किंवा झपाट्याने वजन उतरवणाऱ्या गोळ्यांचा संशय घ्या. अशा मालात स्टिरॉइड आणि सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. सिंगापूरच्या मराठी मंडळींची एक सोय आहे: तिथे चिनी वैद्यांची सरकारी नोंदणी असते, नाव तपासूनच जा.

केस काळे राहावेत म्हणून हो-शौ-वू हे चिनी मूळ घेणाऱ्यांनी यकृताकडे लक्ष ठेवावं. डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली तर त्याच दिवशी औषध थांबवून रक्त तपासा. उरलेल्या गोळ्या मात्र फेकू नका, डॉक्टरांना दाखवाव्या लागतील.