डबा परत येतोय? पोरगं खेळत नाही? आधी आपल्या या चुका टाळा

डबा परत आला की आपण पहिला दोष पोरांना देतो, मीही देत होते. मग एकदा आठवडाभर लिहून काढलं की लेक दिवसभरात काय काय तोंडात टाकते, तर शाळेतून आल्या आल्या बिस्किटं, मग ग्लासभर दूध, मग टीव्हीसमोर काहीतरी कुरकुरीत, आणि आठ वाजता ताट समोर आलं की "आई पोट दुखतंय". दुखत कसलं होतं, भरलेलं होतं! सारखं चरणं ही सगळ्यात कॉमन चूक, आणि ती आपणच करतो. तीन जेवणं, मध्ये एक-दोनदा छोटं खाणं, बाकी वेळ फक्त पाणी, एवढं केलं तरी निम्मी भांडणं मिटतात.

दुसरी म्हणजे "एवढी भाजी संपव मग चॉकलेट देते". यात भाजी शिक्षा होते आणि चॉकलेट बक्षीस, झालं उलटंच. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ आहेत, त्यांची विभागणी मला पटली: काय, कधी, कुठे खायचं ते आईबापांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती ते मुलानं. पहिले चार दिवस जीव खालीवर होतो हं, पण धीर धरा. नवीन भाजीला पण आठ-दहा वेळा तरी चान्स द्या, चमचाभरच वाढा, आग्रह नको.

ज्यूस हेल्दी म्हणून देत असाल तर थांबा. जागतिक आरोग्य संघटना साखरेचा हिशोब करते त्यात ज्यूसमधली साखर धरते, अख्ख्या फळातली नाही. ही साखर दिवसाच्या कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत हवी, 5 च्या आत तर उत्तम, आणि कोल्ड्रिंकच्या 330 मिलीच्या एका कॅनमध्येच साधारण 35 ग्रॅम असते, म्हणजे लहान मुलाचा दिवसाचा कोटा जवळपास तिथेच संपला.

आता व्यायाम. क्लास लावला म्हणजे काम झालं असं मलाही वाटायचं. एकदा कराटेच्या क्लासला बाहेर बसून घड्याळ लावलं, तासाभरात पोरगी जेमतेम वीस मिनिटं हलली, बाकी वेळ रांगेत उभी. शाळकरी वयात रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, सलग नसली तरी चालते, पकडापकडी, सायकल, दोरीच्या उड्या, सगळं धरायचं. आणि अभ्यास झाला नाही म्हणून खेळ बंद, ही शिक्षा तर अजिबात नको.

वजनावरून "जाडू" म्हणणं, डाएट लावणं हेही नको. उंची-वजनाचा तक्ता डॉक्टरांना दाखवा. वजन उतरत असेल किंवा थोडं पळूनच दम लागत असेल तर मात्र लगेच जा. झोप 9 ते 12 तास, ती कमी पडली की सकाळी भूकही नसते आणि पळायची ताकदही नसते.

आणि हो, आमच्या डब्याचं अर्धं कारण वेगळंच निघालं. झाकण इतकं घट्ट होतं की तिला उघडायचंच नाही, आणि मधली सुट्टी खेळण्यात घालवायची असल्यामुळे बाईंना सांगायला वेळ कुणाला होता!