विजापूर, गुलबर्गा, बिदर पाहायला निघालात? या चुका टाळा

मी सोलापुरात राहतो. त्यामुळे दर हिवाळ्यात पुण्या-मुंबईहून फोन येतात. "शनिवारी पहाटे निघतो, विजापूर, गुलबर्गा, बिदर करून रविवारी रात्री घरी. जमेल ना?" अठरा वर्षं मी या तिन्ही शहरांत जातोय. कधी एकटा, कधी पाहुण्यांना घेऊन. माझं उत्तर आजवर बदललेलं नाही: जमणार नाही.

अंतरं फार नाहीत. सोलापुराहून विजापूर शंभरेक किलोमीटर, गुलबर्गा त्याहून थोडं जास्त, आणि गुलबर्ग्याहून बिदरही साधारण तेवढंच. म्हणून नकाशावर बोट फिरवणाऱ्याला वाटतं, दोन दिवसांत होऊन जाईल. पण या तीन गावांत साडेतीनशे वर्षं पसरली आहेत. 1347 मध्ये गुलबर्ग्यात बहमनी गादी उभी राहिली, अहमदशाहाने ती बिदरला हलवली. पुढे बहमनी राज्य फुटून शाह्या झाल्या आणि त्यातली विजापूरची आदिलशाही 1686 मध्ये औरंगजेबाने संपवली. मालोजी, शहाजी, अफजलखान, मलिक अंबर ही आपल्या तोंडी असलेली नावं याच जगातली. आदिलशाही फर्मानं फारसीबरोबर मराठीतही निघत. इतक्या जवळच्या गोष्टीला दीड दिवस देणं मला पटत नाही. चार दिवस काढा. नसतील तर एकच शहर करा.

आणि क्रम उलटा लावू नका. बहुतेक जण विजापूर आधी करतात, कारण गोलघुमट. पण तो घुमट डोळ्यांत भरल्यावर गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली जामा मशीद लहान वाटायला लागते, आणि तिथेच तिच्यावर अन्याय होतो. 1367 ची ही मशीद पूर्ण छताखाली आहे. मशिदीत एरवी असतं तसं उघडं आवार तिला नाहीच. आत उभं राहिलं की कमानींच्या रांगा दूरवर जातात आणि उजेड बाजूंनी झिरपतो. मी पाहुण्यांना आधी इथेच आणतो. मग बिदर, आणि विजापूर शेवटी.

उरुसाची तारीख मागच्या वर्षावरून ठरवणं

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की यावर सविस्तर लिहिणं भाग आहे.

माझ्या बायकोच्या मावशींना गुलबर्ग्याचे सूफी संत ख्वाजा बंदेनवाज यांचा उरूस बघायचा होता. त्यांचं लहानपण हैदराबादच्या निजामाच्या मुलुखात गेलेलं. वडील त्यांना खांद्यावर बसवून संदलची मिरवणूक दाखवायचे, ती आठवण त्या नेहमी सांगायच्या. वय शहात्तर. घरातल्या तरुण मंडळींनी उत्साहाने सगळं ठरवलं. इंटरनेटवर मागच्या वर्षीच्या उरुसाचे फोटो सापडले, त्याखालची तारीख उचलली, गाड्या ठरवल्या, लॉजचे पैसे आगाऊ भरले. मला कळवलं ते निघायच्या आदल्या रात्री. मी तारीख ऐकली आणि पोटात गोळा आला. उरूस होऊन दहा दिवस उलटले होते.

तरी आले सगळे. दर्ग्याच्या वाटेवर मांडवाचे बांबू उतरवणं चाललं होतं, मिठाईची तात्पुरती दुकानं आवरत होती. मावशी आवारात कबुतरांकडे बघत तासभर बसल्या. कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी नक्की नेऊ, असं सगळे म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि ते जाणं राहिलं ते राहिलंच.

हिजरी वर्ष चांद्र असतं, 354 किंवा 355 दिवसांचं. आपल्या पंचांगात अधिक महिना टाकून ऋतूंशी मेळ घातला जातो, तसं हिजरीत होत नाही. म्हणून प्रत्येक सण, प्रत्येक उरूस इंग्रजी तारखेने दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. बंदेनवाजांचा उरूस जिल्काद महिन्याच्या 15, 16, 17 ला असतो. 1422 मध्ये त्यांचं निधन झालं ते याच महिन्यात. ही तिथी पक्की आहे. इंग्रजी तारीख मात्र सरकत राहते. दुसरी मेख अशी की मुसलमानी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि महिना चंद्र दिसल्यावर. त्यामुळे एखादा दिवस इकडेतिकडे होऊ शकतो.

माझी सवय साधी आहे. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात मुसलमानी महिने छापलेले असतात. मोडी पत्रांवर "छ 7 रबिलावल" अशा तिथ्या ज्या महिन्यांच्या यायच्या, तेच हे महिने. त्यात जिल्काद शोधायचा, तिथीच्या दोन्ही बाजूंना एकेक दिवस मोकळा ठेवायचा, आणि पंधरा दिवस आधी दर्ग्याजवळच्या एखाद्या फुलवाल्याला किंवा लॉजवाल्याला फोन करून विचारायचं. फोन करायला लोक का लाजतात हे मला समजत नाही. दोन मिनिटांचं काम असतं.

गर्दी नको असेल त्यांनीही हाच हिशोब करावा. उरुसाच्या दिवसांत गुलबर्ग्यात खोली मिळणं कठीण. रमजानमध्ये जाणार असाल तर दिवसा खाण्याची सोय बरोबर ठेवा आणि संध्याकाळ मोकळी ठेवा. इफ्तारनंतरचा बाजार बघण्यासारखा असतो.

नाव ऐकलं की खरं मानणं

दुसरी चूक थोडी लांबची, अहिल्यानगरची आहे. पण विजापूरला जाणारे बरेच जण वाटेत किंवा दुसऱ्या फेरीत निजामशाहीची ही राजधानी करतात, म्हणून इथेच सांगतो. शहराबाहेर डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते. सगळा जिल्हा तिला "चांदबिबीचा महाल" म्हणतो. काही वर्षांपूर्वी मी तिथे होतो तेव्हा एक गृहस्थ पंचवीस-तीस मुलांना घेऊन आले होते. वरच्या कमानीत उभं करून त्यांनी मुलांना सांगितलं, की चांदबिबी इथे बसून मोगलांच्या फौजेवर नजर ठेवायची. मुलं डोळे विस्फारून ऐकत होती. एका मुलीने विचारलं, "सर, मग खाली थडगी कुणाची?" सर म्हणाले, "नोकरांची असतील."

ती इमारत सलाबतखानाची कबर आहे. मुर्तझा निजामशाहाचा हा वजीर. मी त्या सरांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांना राग आला. मला वाईट वाटलं ते त्या मुलीचं, कारण तिने नेमका योग्य प्रश्न विचारला होता. चांदबिबीचं शौर्य दाखवायला या महालाची गरजच नाही. 1595-96 मध्ये मोगलांचा वेढा पडला तेव्हा ती ज्या किल्ल्यात उभी राहून लढली, तो भुईकोट किल्ला त्याच शहरात आहे. मुलांना तिथे न्या.

विजापुरातही हेच. "साठ कबर"ला गेलात की अफजलखानाने आपल्या बायका मारल्याची गोष्ट रंगवून सांगतात. कबरी समोर दिसतात, गोष्ट मात्र ऐकीव आहे, एवढं लक्षात ठेवून ऐका. उलट शेर्झा बुरुजावरच्या मलिक-ए-मैदान तोफेबद्दल ऐकीव गोष्टींची गरज पडत नाही, कारण बोलायला तोफ स्वतःच तयार आहे. 1549 मध्ये अहमदनगरात महंमद बिन हुसेन रूमी याने ती ओतली, हे तिच्यावर कोरलंय. औरंगजेबाने विजापूर जिंकल्यावर आपलाही लेख त्याच तोफेवर कोरून घेतला. तोंडाशी सिंहाचा जबडा आहे आणि जबड्यात हत्ती चिरडलेला. लोक तिच्या अंगाला टेकून फोटो काढतात आणि लेखाकडे बघत नाहीत.

गाईड करू नका असं मी म्हणत नाही. उलट जरूर करा, त्यांचं पोट यावर आहे आणि काही जण फार जाणते आहेत. पण पहिलाच प्रश्न विचारा: "इथे शिलालेख कुठे आहे?" जो माणूस तुम्हाला लेखापाशी नेऊन उभा करतो, त्याच्यासोबत दिवस घालवा. फारसी येत नसली तरी चालेल. लेखाचा स्वच्छ फोटो काढला तर घरी आल्यावर वाचून देणारं कुणीतरी भेटतं. मला माझ्या ओळखीच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी असे कितीतरी लेख वाचून दाखवले आहेत.

थोडक्यात

मे महिन्यात जाऊ नका. दगड तापतात आणि दर्ग्यात, मशिदीत अनवाणी चालायचं असतं. हिवाळ्यातही मी पिशवीत जाड मोजे ठेवतो.

जिथे नमाज होते ती वास्तू आणि पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाची वास्तू यांत फरक करा. विजापूरच्या जामा मशिदीत शुक्रवारी दुपारी जाऊ नका. इतर वेळी डोकं झाका, राखणदाराला नम्रपणे विचारा. सोनेरी मेहराबीपुढचा, म्हणजे नमाजाच्या दिशेच्या भिंतीतल्या कोनाड्यापुढचा, पडदा तो बहुतेक वेळा स्वतःहून बाजूला करतो.

काही दर्ग्यांत मजारीच्या खोलीत बायकांना जाऊ देत नाहीत. बरोबरच्या बायकांना हे दारात कळण्याऐवजी आधी कळू द्या.

गोलघुमटासमोरच्या नगारखान्यातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

कर्नाटकात एसटीच्या पाट्या कन्नडमध्ये. विजापूर आता विजयपुरा आहे, गुलबर्गा कलबुर्गी. ही दोन नावं कन्नड लिपीत कागदावर लिहून घ्या.

बिदरची बिदरी भांडी घेताना घाई नको. तिथल्या चौबारा या जुन्या टेहळणी बुरुजाच्या आसपास कारागीर काम करताना दिसतात. जस्तात थोडं तांबं मिसळून ओतलेलं भांडं, त्यात ठोकून बसवलेली चांदीची तार, आणि शेवटी किल्ल्यातल्या मातीत नवसागर घालून दिलेला काळा रंग. हे तासभर बघा, मग किमतीबद्दल तक्रार करावीशी वाटणार नाही.

गोलघुमटात दुपारी बारा वाजता

मुहम्मद आदिलशाहाची ही कबर. तो 1656 मध्ये गेला. घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर, आणि खाली आधाराला एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी चौकोनाचा वरती वर्तुळाकडे प्रवास घडवून आणला आहे. पण बारा वाजता तिथे पोचलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. वरच्या सज्जात दोनशे माणसं एकाच वेळी ओरडत असतात. शिट्ट्या, किंकाळ्या, स्वतःची नावं. प्रतिध्वनीवर प्रतिध्वनी आदळून नुसता कल्लोळ होतो. लहान मुलं घाबरून रडतात. मग लोक बाहेर येऊन म्हणतात, "एवढं काही नाही."

सकाळी दार उघडतं तेव्हा पहिले तुम्ही असा. कोपऱ्याच्या मनोऱ्यातला जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे, दम लागतो, म्हणून वर गेल्यावर पाच मिनिटं गप्प बसा. मग एकाने भिंतीला तोंड लावून हळू बोलावं, दुसऱ्याने बरोबर समोरच्या बाजूला भिंतीशी कान न्यावा. कागद चुरगळला तरी पलीकडे ऐकू येतो. माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिने तिथून मला तिच्या शाळेतलं एक गुपित सांगितलं होतं. आजही आम्हा दोघांशिवाय ते कुणाला माहीत नाही.

तिथून सरळ इब्राहिम रौजाला जा, उन्हं तिरपी आहेत तोवर. दुसरा इब्राहिम आदिलशाह म्हणजे ज्याने गाण्यांच्या पोथीच्या आरंभी सरस्वतीला वंदन केलं आणि ज्याला लोक जगद्गुरू म्हणत, तो इथे आहे. खिडक्यांच्या दगडी जाळ्या जवळून बघा. ती नक्षी म्हणजे अक्षरं आहेत.

बिदरमध्ये फक्त किल्ला

बिदरला गेलेले लोक किल्ला बघतात आणि परततात. किल्ल्यातही रंगीन महालाला बहुधा कुलूप असतं. आतल्या संग्रहालयात जाऊन विनंती केली तर माणूस किल्ली घेऊन येतो. काळ्या दगडात बसवलेला शिंपल्याचा जडाव बघायला ही विनंती करायलाच हवी. महमूद गवानचा 1472 चा मदरसा गावातच आहे. ज्या वजिराने तो बांधला त्याला खोट्या पत्रावरून 1481 मध्ये मारलं, आणि त्यानंतर बहमनी राज्य सावरलं नाही. उरलेल्या मिनारावरच्या निळ्या फरशा सकाळच्या उन्हात पाहा.

पण सगळ्यात जास्त चुकतं ते अष्टूर. गावाबाहेर काही किलोमीटरवर बहमनी सुलतानांच्या कबरी ओळीने उभ्या आहेत. त्यातली अहमदशाह वलीची आतून रंगवलेली आहे, घुमटापर्यंत. त्याला लिंगायतही मानतात, आणि त्याचा उरूस जिल्कादसारखा सरकत नाही. तो होळीनंतर, हिंदू पंचांगाने भरतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आत अंधार होता. मोबाइलचा उजेड वर पोचेना, फ्लॅश मारायचा नव्हता. मी परत फिरणार होतो. तेवढ्यात तिथले म्हातारे राखणदार बाहेर गेले, उंबऱ्याशी उन्हात एक आरसा धरून उभे राहिले आणि कवडसा हळूहळू वर सरकवू लागले. आधी लाल, मग सोनेरी, मग अक्षरांची एक ओळ, मग दुसरी. पाऊण तास ते तसाच आरसा धरून उभे होते. तेव्हापासून मी अष्टूरला ऊन असतानाच जातो, आणि पिशवीत हातभर आरसा असतो.