सराउंड रिमिक्स ऐकवायचा कसा आणि ऐकणाऱ्याची तक्रार तपासायची कशी

जुन्या प्रोग्रेसिव्ह रॉक अल्बमचा सराउंड रिमिक्स (मूळ टेपवरून, श्रोत्याभोवतीच्या स्पीकरांसाठी नव्याने केलेलं मिक्स) चौघांना ऐकवला की चार सूर निघतात. एकाला गायक पातळ वाटतो, दुसऱ्याला ड्रम्समधला जोर गेलेला वाटतो, तिसऱ्याला मागून येणारी गिटार खटकते आणि चौथा विचारतो, हे वाद्य इतकी वर्षं कुठे होतं? यातल्या पहिल्या तीन तक्रारी पुष्कळदा मिक्सबद्दल नसतातच. त्यांचं मूळ खोलीत, वायरमध्ये किंवा रिसीव्हरच्या (स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या) एखाद्या सेटिंगमध्ये असतं. रिमिक्स करणाऱ्यावर अन्याय होऊ द्यायचा नसेल तर आधी ही कारणं एकेक करून बाद करावी लागतात.

डिस्कवर नेमकं काय आहे

पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'चे तीन बहुचॅनल मिक्स आहेत: अल्बमचे मूळ ध्वनि-अभियंता ॲलन पार्सन्स यांचा सत्तरच्या दशकातला क्वाड (चार स्पीकरांचा), ध्वनि-अभियंता जेम्स गथ्री यांचा २००३ चा एसएसीडीवरचा (सीडीहून वरच्या दर्जाच्या डिस्कवरचा) ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि खालच्या स्वरांचा सबवूफर, आणि २०२३ चा ॲटमॉस (वरून येणारा आवाजही असलेला). दोघे या अल्बमबद्दल वाद घालत असतील तर ते एकाच मिक्सबद्दल बोलताहेत का, हे आधी विचारा. क्वाडमध्ये मधला चॅनल नसतो आणि सबवूफरचा स्वतंत्र चॅनलही नसतो, त्यामुळे मधला स्पीकर गप्प राहिला तर तो बिघाड नाही.

मग प्लेअर काय पाठवतोय ते रिसीव्हरच्या पडद्यावर वाचा. किंग क्रिमसन या बँडच्या २००९ पासून निघालेल्या संचांतल्या डीव्हीडी-ऑडिओवर एमएलपी (काही न गाळता साठवलेला) आणि डीटीएस (थोडं गाळून आकुंचित केलेला) असे दोन्ही ५.१ ट्रॅक आहेत. साधा डीव्हीडी प्लेअर यातला फक्त डीटीएस वाचतो. एसएसीडी प्लेअर 'स्टिरिओ' किंवा 'सीडी' थरावर अडकलेला असला तर दोनच चॅनल निघतात. ऑप्टिकल केबलमधून दोन चॅनलचा पीसीएम (आकुंचित न केलेला डिजिटल आवाज) किंवा आकुंचित डॉल्बी अन् डीटीएस एवढंच जातं. पूर्ण दर्जाचे सहा चॅनल हवेत तर एचडीएमआय किंवा सहा ॲनालॉग वायरी लागतात. सर्वांत फसवी चूक म्हणजे रिसीव्हर स्वतःच स्टिरिओ आवाज पाच स्पीकरांत पसरवत असतो आणि ऐकणारा त्यालाच रिमिक्स समजून मत देतो. ऐकण्याचा मोड 'डायरेक्ट' किंवा 'मल्टिचॅनल' ठेवा. रात्रीचा मोड, आपोआप आवाज सावरणारी सोय आणि सिनेमासाठीचं टोन-सुधार बंद करा.

स्पीकर कुठे, किती अंतरावर

आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) शिफारशीनुसार मधला स्पीकर समोर ० अंशावर, पुढचे दोन ३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर हवेत. हिशेब सोपा आहे. खुर्चीपासून पुढचे स्पीकर २.४ मीटरवर असतील तर त्या दोघांमधलं अंतरही २.४ मीटर हवं. मागचे ११० अंशांवर ठेवायचे तर खुर्चीपासून दोन्ही बाजूंना साधारण २.२५ मीटर आणि कानांच्या रेषेच्या ८० सेंटिमीटर मागे. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर हा कोन जमतच नाही. तो निदान मीटरभर पुढे ओढा. उंची कानाएवढी.

सिनेमात मागचे स्पीकर बहुतेक वेळ नुसतं वातावरण देतात, म्हणून अनेक घरांत ते छोटे आणि छताजवळ असतात. या संगीतात मात्र मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारं कळफलक-वाद्य), दुसरी गिटार, कोरस असं पूर्ण वजनाचं वादन मागे येतं. शक्यतो पुढच्याच जातीचे स्पीकर मागे लावा.

अंतर टेपने मोजून रिसीव्हरमध्ये भरा. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. मागचा स्पीकर १.२ मीटर जवळ असून ते रिसीव्हरला सांगितलेलं नसेल तर त्याचा आवाज साडेतीन मिलिसेकंद आधी पोचतो, आणि कान पहिल्या येणाऱ्या आवाजाकडेच वळतो. 'सगळं मागूनच येतंय' या तक्रारीचं हे नेहमीचं कारण. सबवूफरचं अंतर मात्र मायक्रोफोनने आपोआप मोजलेलं असेल आणि ते प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसत असेल, तर टेप लावून ते दुरुस्त करू नका; सबमधल्या फिल्टरचा उशीर त्यात धरलेला असतो.

रिसीव्हरच्या चाचणी-आवाजावर प्रत्येक स्पीकर खुर्चीपाशी ७५ डेसिबल दाखवेल असं करा, आवाज मोजायचा मीटर 'सी' आणि 'स्लो' या सेटिंगवर ठेवून. स्पीकरा-स्पीकरांत अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक नको. फोनचं ॲप स्पीकरांची आपसांत तुलना करायला चालतं, पण सबसाठी त्यावर विसंबू नका, कारण फोनचा माइक खालचे स्वर कमी पकडतो.

बासबद्दल एक गैरसमज पक्का आहे: '.१' म्हणजे बास गिटारचा चॅनल. तसं नाही. बास गिटार बहुतेक मिक्समध्ये मुख्य चॅनलांतच असते. स्पीकर लहान असतील तर रिसीव्हरच्या मेनूत ते 'स्मॉल' ठेवून ८० हर्ट्झखालचं सगळं सबकडे वळवा. सहा ॲनालॉग वायरींनी जोडलंत तर पुष्कळ रिसीव्हर हे वळवणं करतच नाहीत आणि बास सरळ गायब होतो. तेव्हा ती सोय प्लेअरच्या मेनूत शोधा.

ऐकवण्याची पद्धत

आवाज जुळवल्याशिवाय स्टिरिओ आणि सराउंडची तुलना करू नका. एक डेसिबलने मोठं असलेलं मिक्ससुद्धा 'जिवंत' वाटतं, आणि ते मोठं आहे हे ऐकणाऱ्याला कळतही नाही. पूर्ण वाद्यवृंद वाजतोय असा ३० सेकंदांचा तुकडा घ्या, डोक्याच्या जागी मीटर ठेवून दोन्हींची सरासरी मोजा आणि फरक अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. नॉबचे दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा.

एका वेळी मधल्या खुर्चीत एकच माणूस. कडेला बसलेल्याला जवळचा मागचा स्पीकर जास्त ऐकू येतो. त्याचं मत त्याच्या जागेबद्दलचं असतं. तुकडा ६० ते ९० सेकंदांचा, क्रम स्टिरिओ, सराउंड, पुन्हा स्टिरिओ. पुढच्या माणसासाठी क्रम उलटा. आपसांत बोलण्याआधी प्रत्येकाने दोन रकाने भरायचे: काय ऐकलं आणि काय आवडलं. 'कोरस डाव्या कानामागे गेला' हे पहिल्यात, 'ते खटकलं' हे दुसऱ्यात. पहिला रकाना चौघांचा जुळला आणि दुसरा जुळला नाही तर तो आवडीचा प्रश्न आहे. पहिलाच जुळत नसेल तर पुन्हा मांडणी तपासा. तुकड्यांनंतर एक पूर्ण बाजू सलग ऐकवाच. 'येस' या बँडच्या 'क्लोज टू द एज'सारखी अठरा मिनिटांहून मोठी रचना तुकड्यांत कळत नाही, आणि पहिल्या पाच मिनिटांतलं नवल ओसरल्यावर मत बरंच बदलतं.

तक्रार आली की

'गायक पातळ झाला.' स्टिरिओत गायक दोन स्पीकरांच्या मधे भासमान उभा असतो. सराउंडमध्ये तो कधी एकट्या मधल्या स्पीकरमधून येतो, कधी तिघांत वाटलेला असतो. कोणतं आहे ते पाहायला रिसीव्हर बंद करून मधल्या स्पीकरची वायर काढा आणि पुन्हा वाजवा. मेनूत 'सेंटर नाही' करून चालणार नाही, कारण मग रिसीव्हर तो चॅनल डाव्या-उजव्यात मिसळतो आणि काहीच कळत नाही. वायर काढल्यावर गायक पूर्ण नाहीसा झाला तर तो एकट्या मधल्यातच आहे, आणि तो स्पीकर खालच्या फळीवर गुडघ्यांकडे तोंड करून बसला असेल तर पातळपणाचं कारण तेच. त्याला थोडा वर कलवा.

'ड्रम्स आदळत नाहीत.' आधी सबचा फेज (आवाजाची लहर सुलट-उलट करणारी कळ) ० आणि १८० करून पाहा, ज्यावर ८० हर्ट्झच्या आसपासचा आवाज भरीव होतो तो ठेवा. तरीही फरक उरला तर तो खरा आहे. रिमिक्स मूळ मल्टिट्रॅक टेपवरून (जिच्यावर वाद्यं वेगवेगळ्या पट्ट्यांत असतात) होतो. सगळी वाद्यं दोन चॅनलांत दाबून एकजीव करणारा कॉम्प्रेशनचा शेवटचा हात तिथे नसतो. स्पष्टता वाढते, घट्टपणा थोडा सुटतो. कुणाला तो घट्टपणाच प्रिय असेल तर त्याची तक्रार अगदी रास्त आहे.

'प्रतिध्वनी वेगळा आहे.' हे बहुधा बरोबरच असतं. त्या काळी कितीतरी इको, फेजिंग आणि फेड मिक्स करतानाच घातले जात. मल्टिट्रॅकवर ते नसतात आणि नव्याने घडवावे लागतात. अशा अनेक जुन्या अल्बमांचे रिमिक्स करणारे स्टीव्हन विल्सन आधी मूळ स्टिरिओच्या शक्य तितका जवळचा नवा स्टिरिओ बांधतात आणि त्यावरून सराउंड पसरवतात, म्हणून त्यांच्या कामात ही तफावत कमी जाणवते. टेपच हरवलेल्या जागी मूळ स्टिरिओच चहूकडे पसरवून वापरावा लागतो. एखादं गाणं अचानक सपाट वाटलं तर ही शक्यता धरा.

'हे वाद्य नवीन आहे.' मूळ स्टिरिओ हेडफोनवर लावा आणि तोच क्षण शोधा. बहुतेक वेळा ते तिथे असतंच, दुसऱ्या वाद्याखाली दबलेलं. मुळीच सापडलं नाही तर पहिल्या मिक्समध्ये ते गप्प केलेलं असावं.

'आवाज फिरतो, त्याने चित्त ढळतं.' इथे अल्बम पाहून बोला. 'डार्क साइड'मधली घड्याळं पार्सन्स यांनी मुळात क्वाडच्या प्रात्यक्षिकासाठीच ध्वनिमुद्रित केली होती. ती भोवती वाजणं हा उपरा चमत्कार नाही. स्पीकरांचं अंतर आणि पातळी मोजलेली असेल, तरीही फिरणं खटकत असेल, तर ते मत मिक्सबद्दलचं आहे आणि तसंच नोंदवा. मागचे स्पीकर दोन डेसिबल उतरवून ऐकणाऱ्याला खूश करता येतं, पण त्यानंतर त्याने दिलेली मतं त्या मिक्सच्या खात्यावर लिहू नका.

ॲटमॉस हेडफोनवर ऐकलेल्याचं मत वेगळ्या कागदावर घ्या. तिथे स्पीकरांची जागा गणिताने भासवलेली असते आणि ती प्रत्येकाच्या कानाला सारखी बसत नाही. आठवड्याने त्याच आकड्यांवर, त्याच खुर्चीत पुन्हा ऐकवा आणि आधीचा कागद दाखवण्यापूर्वी नवा भरून घ्या.